मोटार तीच

दिग्रसच्या बसस्थानकावरून जिनिंगच्या रस्त्याला लागलं की चाचांचं दुकान येतं. पाटीवर ‘मोटार रिवायंडिंग’ एवढंच आहे, मालकाचं नाव नाही. ज्याची मोटार जळाली त्याला नाव लागत नाही, तो वासावर येतो, असं चाचांचं म्हणणं. व्हार्निशचा तो वास चौकापर्यंत येतोही. मला तो सोसत नाही, डोकं चढतं. तरीसुद्धा रविवार आला की यवतमाळहून एस.टी. धरायची, दुपारभर त्या वासात बसायचं आणि परत यायचं, असं माझं काही वर्षं चाललं होतं. आई म्हणायची, तिथे तुझं कोण आहे आता? तिला माहीत होतं कोण आहे. तरी विचारायची.

चाचा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. मैत्रीण वारली. तिची मशीन दुकानाच्या मागच्या खोलीत चालू होती आणि मी त्या मशीनसाठी जात होते. निदान सगळ्यांना सांगायचे तरी तसंच.

आम्ही दोघी दिग्रसच्याच. माझे वडील एस.टी.त कंडक्टर, आमचं घर विहाराच्या मागे. तिचं घर दुकानाच्या वर. शाळा एक, पुढे यवतमाळचं कॉलेज एक, जाण्यायेण्याची गाडीही एकच. माझ्या वडिलांची ड्यूटी त्या गाडीवर लागली की ते मुद्दाम आमच्याच पुढ्यात उभे राहून पास मागायचे, आणि ती बिचारी दर वेळी खरोखर घाबरून पर्स उपसायची. ती शांत, मी तोंडाळ. मास्तरांना वाटायचं मी हुशार आहे. बोलणाऱ्याला हुशार समजायची आपल्याकडे पद्धतच आहे, त्यात माझा फायदा झाला. मी पुण्याच्या कंपनीत लागले, घरी बसून काम करायची सवलत मिळाली, आणि वडील निवृत्त झाल्यावर आम्ही दिग्रसचं घर विकून यवतमाळला राहायला गेलो. ती दिग्रसलाच राहिली. सकाळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि उरलेला दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत त्या मशीनपुढे.

ती मशीन भंगारातून आली होती. कुठलंसं ऑफिस बंद पडलं, त्याचं सगळं सामान वजनावर विकलं गेलं, आणि त्यातल्या जुन्या मोटारींबरोबर एक जाडजूड कॉम्प्युटर टेम्पोतून चाचांकडे उतरला. चाचा त्यातलं तांबं काढायच्या बेतात होते. ही मध्ये पडली. आत जो प्रोसेसर होता तो आता कुणी वापरत नाही, करणारी कंपनीही राहिलेली नाही. तिने तो पुसला, झटकला, कुठून कुठून माहिती जमवून चालू केला. मी म्हटलं, याचं आता लोणचं घालणार आहेस का? ती म्हणाली, चालतो तर आहे ना.

आता ती काय करत होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. एका भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला कधी कधी दुसऱ्या भाषेत लिहिलेलं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं एक छोटं काम, बोलवावं लागतं. इथे अडचण शब्दांची नसते, देण्याघेण्याची असते. बोलावणाऱ्याने सामान कुठे ठेवायचं आणि आलेल्याने ते कुठून उचलायचं, याची प्रत्येक प्रोसेसरची आपली रीत असते. पहिला आकडा या खणात, दुसरा त्या खणात, अपूर्णांक असेल तर तिसऱ्याच खणात, आणि खण संपले की उरलेलं एकावर एक रचायचं. उचलणारा बघत नाही. ठरल्या जागी हात घालतो आणि जे लागेल ते घेतो. चुकीचं ठेवलं असेल तर चुकीचं घेतो आणि कुणी ओरडतही नाही, फक्त उत्तर भलतंच येतं. ही मांडामांड ज्याने त्याने स्वतः करायची म्हटलं तर आयुष्य जाईल, म्हणून तयार कोडची एक लहानशी लायब्ररी आहे, फुकट वाटलेली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. ती मध्ये उभी राहते आणि ज्या प्रोसेसरची जशी रीत असेल तशी मांडणी करून देते. तिच्यात प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा तुकडा लिहावा लागतो. भंगारातल्या त्या मशीनसाठी तसा तुकडा कुणीच लिहिलेला नव्हता. तो माझ्या मैत्रिणीने लिहिला.

हेच तिने चाचांना समजावलं तेव्हा मी तिथे होते. त्यांच्या घरात हिंदी बोलतात, दुकानात गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी. ती म्हणाली, “अब्बा, मोटर में से छे तार निकलते ना?”

“निकलते.”

“कौनसा किधर जोडना, कैसा मालूम पडता?”

“जिस कंपनी की मोटर, उसका कनेक्शन.”

“और गलत जोडे तो?”

“उलटी घूमती. नहीं तो जलती.”

“बस, मैं वोइच करती. कनेक्शन.”

चाचांना इतका आनंद झाला की त्या दिवसापासून मोटार घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचे, “माही पोट्टीबी कनेक्शनचंच काम करते. दुनियाभरच्या मशीनीचं.” शेतकरी मान डोलवायचे. एकाने विचारलं, पगार किती भेटते? चाचा गडबडले. आतून ती म्हणाली, “सवाब भेटते, काका.” म्हणजे पुण्य. पगार खरोखरच नव्हता. या लायब्ररीचं काम बहुतेक लोक असंच करतात, आणि त्यांचे नातेवाईक त्यांना असंच विचारतात.

तिचा तुकडा लायब्ररीत घेतला गेला तेव्हा तिने मला फोन केला. लायब्ररीचा सगळा कारभार पाहणारे एक वयस्क परदेशी गृहस्थ आहेत, आम्ही दोघींनी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांनी तिच्याकडून कितीदा तरी दुरुस्त्या करून घेतल्या होत्या आणि दर वेळी इतक्या सभ्यपणे की रागावताही येऊ नये. तिला फोनवर नीट बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, रडतेस काय, पेढे वाट. तिने खरंच वाटले, जिनिंगच्या हमालांनासुद्धा.

पावसाळ्यात तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरी राहिली, मग डेंग्यू निघाला, मग यवतमाळ, मग नागपूर. नागपूरला मी तिला काचेतून पाहिलं. ती मला दिसली, मी तिला दिसले की नाही ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वडील आणि मी दिग्रसच्या गाडीत बसलो तेव्हा वडिलांनी कंडक्टरकडे तिकीट मागितलं आणि त्यांना गावाचं नाव घेता येईना.

जनाज्याबरोबर बायका जात नाहीत. तशी रीत आहे, चाचीही गेली नाही, मग मी कोण? माझे वडील मात्र सोबत गेले. त्यांनी खांदा दिला, माती दिली आणि परत येऊन मला सांगितलं की भिंतीच्या कडेला लिंबाखाली जागा आहे, सावली चांगली आहे. मी वर चाचीजवळ बसले होते. खालून पंख्याचा आवाज येत होता. तिची मशीन कुणी बंदच केली नव्हती.

काही आठवड्यांनी त्या परदेशी गृहस्थांची मेल आली. त्यांना मीच कळवलं होतं. त्यांनी खूप चांगलं लिहिलं होतं आणि शेवटी, माफी मागत, नियमाची आठवण दिली होती. लायब्ररीत ज्या प्रोसेसरचा तुकडा आहे त्याची एक तरी चालती मशीन पाहिजे. तिच्यावर नेमाने टेस्ट झाल्या पाहिजेत आणि त्याबद्दल उत्तर देणारं एक माणूस पाहिजे. दोन्हीपैकी एक नसेल तर पुढच्या आवृत्तीत तो तुकडा काढून टाकतात. नियम बरोबरच आहे. जे चालवून पाहता येत नाही ते बरोबर आहे असं म्हणायचं कशाच्या जोरावर? मी लिहिलं, माणूस मी आहे, मशीन दिग्रसला आहे. त्या प्रोसेसरची रीत मला तेव्हा काडीची ठाऊक नव्हती.

मी चाचांना सांगितलं, “मशीन चालू राह्यली तं तिचं काम राह्यते. बंद पडली तं काढून टाकतात.” चाचांनी एवढंच विचारलं, “मले काय करा लागते?” त्यांना काहीच करायचं नव्हतं. दुकान उघडल्यावर मशीनचं बटण दाबायचं. पुढचं सगळं तिने आधीच लिहून ठेवलं होतं. मशीन सुरू झाली की लायब्ररीची ताजी प्रत आपोआप उतरून घ्यायची, तिच्यावर सगळ्या टेस्ट चालवायची आणि निकाल मेल करायची. मशीन एवढी मंद की सकाळी सुरू केलेल्या टेस्टचा निकाल माझ्या दुपारच्या जेवणापर्यंत यायचा. मेल आली की मी चाचांना फोन करायचे, “पास झाली.” ते म्हणायचे, “अल्ला का शुक्र.” मग फोन ठेवायला आम्हा दोघांनाही नको वाटायचं.

चाचांनी त्या मशीनचे जे लाड केले ते मी माणसाचेही झालेले पाहिले नाहीत. दिग्रसला व्होल्टेज कधी वर कधी खाली, म्हणून त्यांनी स्वतः तांब्याची तार गुंडाळून तिच्यासाठी एक स्टॅबिलायझर बनवला. कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई उडत येते आणि सगळ्यात जाऊन बसते, म्हणून रोज संध्याकाळी ब्लोअरने पंखा साफ करायचा. उन्हाळ्यात दुकानातला एकुलता एक कूलर मशीनकडे तोंड करून, आणि चाचा घामाघूम. तिचं स्टूल तिथेच असायचं. त्यावर कुणी बसत नसे. मी तारेच्या रिकाम्या ड्रमवर बसायचे आणि तिचा कोड वाचायचे. मला तो प्रोसेसर तिच्या कोडमधूनच कळत गेला. वाचताना ती समोर बसून, न चिडता, तिसऱ्यांदा समजावते आहे असं वाटायचं. मग वरून चाची जेवायला बोलावायची. रविवार असा जायचा. लोक म्हणतात कामात दुःख विसरतं. मी काही विसरले नाही. पण तिच्याशी माझं काहीतरी चालू होतं, आणि ते मला हवं होतं.

यंदा पुढच्या आवृत्तीची तयारी सुरू झाली. कोणकोणते जुने तुकडे निघणार त्याची चर्चा झाली. तिच्या तुकड्यासारखे बरेच गेले. त्या परदेशी गृहस्थांनी मला विचारलं, तुमची मशीन आहे ना? मी जरा तोऱ्यातच लिहिलं, आहे, रोज पास होते.

आणि त्याच सुमाराला मेल थांबली. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फोन केला तर चाचा म्हणाले, “जरा बिमार हाय मशीन. तू नको येऊ, मी पाह्यतो. होऊन जाते.” त्या रविवारी गेले नाही. त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं नव्हतं, पण ते मशीनचे डॉक्टर, मी काय दिवे लावणार होते? पुढच्या आठवड्यात मेल आली. पास. सगळ्या पास. माझा जीव भांड्यात पडला. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. अजून माझा सकाळचा चहा व्हायचा होता.

मी काही पाहिलं नाही. मेलमध्ये नीट पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं, पण मी ती बंद केली. रविवारची गाडी धरली आणि अख्ख्या वाटेत स्वतःला समजावत राहिले की त्यांनी पंखा बदलला असेल, धूळ निघाली असेल. धूळ निघाल्याने वेगात काही एवढा फरक पडत नाही, हे मला कॉलेजातल्या पोरीनेही सांगितलं असतं.

दुकानात शिरले तर पंख्याचा आवाज तोच. पण चाचांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिच्या जाण्यानंतर मी पाहिलं नव्हतं. ते खुशीत होते.

“पाह्यलं ना? कशी पळून राह्यली!”

“काय केलं चाचा?”

“थांब, दाखवतो.” त्यांनी स्क्रू काढून कॅबिनेटचा पत्रा उघडला. बाहेर तिने चिकटवलेला मोराचा स्टिकर तसाच होता. आत चकचकीत नवा मदरबोर्ड होता. “जुनी प्लेट जळून गेलती. नागपूरलेबी पाठवली, ते म्हनते चिपच फुटली, काही होत नाई. मंग पलीकडच्या कॉम्प्युटरवाल्याले धरलं. त्यानं नवी प्लेट बसवून देली अन् तिच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा हिच्यात भरल्या. एकबी सोडली नाई. मी बाजूलेच बसेल होतो.” आणि मग, गिऱ्हाइकाच्या हाती मोटार देताना ते नेहमी जे म्हणतात तेच म्हणाले, “वाइंडिंग नवीन, मोटार तीच.”

त्यांचं काय चुकलं होतं? जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. जळालेली मोटार येते, चाचा आतलं काळं पडलेलं तांबं उपसून फेकतात, नवं भरतात, आणि शेतकरी ती ‘माही मोटार’ म्हणूनच डोक्यावर घेऊन जातो. बाहेरची नेमप्लेट तीच असते, आवाज तोच असतो, पाणी तेवढंच काढते. कुणी कधी म्हटलं नाही की ही दुसरी झाली. मला वाटलं, नको सांगूस. चहा पी आणि जा.

चाचांनीच विचारलं. “काहून? बरोबर नाई झालं काय?”

“चाचा, ही दुसऱ्या कंपनीची मोटार झाली.”

“मंजे?”

“तिनं जे कनेक्शन लिहेल हाय, ते त्या जुन्या चिपचं. ह्या नव्या प्लेटचं कनेक्शन दुसऱ्या लोकाइनं लिहेल हाय, कवाचंच. आता जे पास होऊन राह्यलं ते त्याइचं काम हाय.”

“अन् तिचं?”

“तिचं हिच्यात कोनी बोलावतच नाई, चाचा.”

कनेक्शनच्या माणसाला कनेक्शन दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही. मग त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला, जागेवर ठेवला, परत उचलला, परत पुसला. कपाटातून त्यांनी एका कापडात गुंडाळलेला जुना बोर्ड काढून माझ्या हातात दिला. एका बाजूला जळून तपकिरी झालेला, मधल्या चिपला आडवी चीर. मी उगाच उजेडात धरून पाहिला. मला फार राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते समजेना.

जेवायला वर गेले तेव्हा चाचीने पोळी वाढता वाढता हळूच सांगितलं, “इनको डर लगा था बेटा. बोले मशीन बंद हुई तो वो आना बंद कर देंगी. दो दिन खाना नहीं खाए.” मी ताटाकडे बघत जेवले. मशीन चालते म्हणून मी येते, असं मीच त्यांना इतकी वर्षं सांगत आले होते. त्यांनी ते खरं मानलं तर दोष कुणाचा?

खाली आले तेव्हा चाचा मागच्या खोलीतच होते. म्हणाले, “कोनाले काय मालूम पडते? मेल त पासची जाऊन राह्यली. राहू दे ना तसंच.”

खरं सांगायचं तर मी वर जेवताना तोच विचार करत होते. कुणालाही कळलं नसतं. माझ्या शब्दावर तो तुकडा अजून कितीतरी वर्षं राहिला असता. पण लायब्ररी रोज बदलते. तिच्या तुकड्याला धक्का लागेल असा बदल एखाद दिवशी कुणीतरी करणार, आणि इथली मशीन म्हणणार, पास. मग जगात कुठेतरी अशीच एखादी जुनी मशीन झटकून पुसून कुणी चालू केली, तर तिला भलतंच उत्तर मिळणार आणि ते भलतं आहे हेही कळणार नाही. असल्या गोष्टीवरून तिने मला सोलून काढलं असतं. कॉलेजात मी एकदा माझ्या प्रोग्रॅमची नापास होणारी टेस्ट गुपचूप झाकली होती तर ती माझ्याशी परीक्षा संपेपर्यंत बोलली नव्हती.

मी काही बोलायच्या आधी चाचाच म्हणाले, “नाई. चालवून पाह्यल्याबिगर मी मोटार गिऱ्हाइकाले देत नाई. ती काहून देईन?” मग म्हणाले, “काढून टाक. पन इथं बसून काढ. माह्यासमोर.”

मी ड्रमवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला. तिचा तुकडा निवडला. का काढतो आहोत ते कारण लिहावं लागतं. मी लिहिलं की चालवून पाहायला मशीन उरली नाही. आणखी खूप लिहावंसं वाटलं, पण तिथे तेवढंच लिहायची पद्धत आहे. चाचा बाजूला उकिडवे बसले होते, पडद्यावरचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं तरी पडद्यावरून नजर काढत नव्हते. मी बटण दाबलं. इतकं लवकर झालं की त्यांनी विचारलं, “झालं?”

“झालं.”

“मंजे मिटलं सगळं?”

“मिटत नाई चाचा. जुन्या आवृत्तीत राह्यते. तिच्या नावासकट. कोनीबी जाऊन पाहू शकते. फकस्त चालत नाई.”

“मंजे कब्रस्तान,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं आणि मग मला आवरेना. तिथे मला जाता आलं नव्हतं, माझ्या वाट्याची माती राहून गेली होती, आणि ती मला आज अशी द्यावी लागली होती, माझ्याच बोटाने. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला व्हार्निशचा वास होता. मी त्या दिवशी चारची गाडी सोडली आणि सहाच्या गाडीने परतले. परदेशी गृहस्थांचं उत्तर वाटेतच आलं. त्यांनी लिहिलं होतं की तिचा तुकडा फार स्वच्छ लिहिलेला होता. मी फोन पर्समध्ये टाकला आणि दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. आई काही म्हणाली नाही. दुकानात पाय ठेवताच चुकल्यासारखं झालं. मागचा पंख्याचा आवाज नव्हता.

चाचा टेबलाशी बसून तार गुंडाळत होते. मला पाहून त्यांचा हात थांबला. “मशीन त बंद हाय. कायले आली तू?”

“जेवायले आली. चाचीनं सांगतलं नाई काय तुमाले?”

त्यांनी मान खाली घातली. हसले की काय ते मला नीट दिसलं नाही. मी मागच्या खोलीत गेले. मशीन जागेवरच होती, पुसलेली, मोराचा स्टिकर तसाच. पत्रा बंद होता. वायरसुद्धा त्यांच्या स्टॅबिलायझरला जोडलेली होती. सवयीने मी बटण दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं.

चाचा दारात येऊन उभे होते. “नवी प्लेट कॉम्प्युटरवाल्याले वापस देऊन टाकली,” ते म्हणाले. “तिची जुनीच बसवली मी परत. सगळे स्क्रू लावले.”

“जळालेली?”

“हाव.”

“पन ती त चालत नाई चाचा.”

“मालूम हाय ना मले.” ते आत आले आणि त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला. “जिंदगीभर जळेल काढून नवीन भरत आलो बेटा,” ते म्हणाले. “हे नाई काढवलं.”

वरून चाचीने जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही लगेच वर गेलो नाही.